खिशातील लाइनमन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वरुणा येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात काही उपयुक्त विषयावर बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. अभियांत्रिकीचे शिक्षण आमच्या वाट्यास आले नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे फायली चाळण्यात गेली आणि त्या ओघात कचेरीतील संगणकांची व त्यांना जोडणाऱ्या जाळ्याची देखरेखही आमच्याकडे आली. म्हणून तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर जे काम पदरी पडले ते समजावून घेऊ पाहणारा एक सामान्य कारकुनी माणूस म्हणून आमचे चार शब्द आपण ऐकावेत, अशी विनंती आहे.

विषय असा की, आपल्या घरातील इंटरनेट बंद पडते, संभाषण मध्येच तुटते, पडद्यावरील नातवाचा चेहरा गोठून जातो, तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे आपल्याच खिशातील स्मार्टफोनने कसे शोधावे. मेळाव्यासाठी निवडलेले स्थळही या विषयास साजेसे आहे. वरुण ही जलाची देवता आणि येथील तलाव आपण सकाळीच पाहिला. पण पुराणांतील वरुणाच्या हाती पाश असतो. आजचे आपले जीवन अशाच एका अदृश्य पाशाने बांधलेले आहे. फरक एवढाच की, वरुणाच्या पाशातून सुटण्यासाठी पूर्वज प्रार्थना करीत आणि हा पाश सुटला की आपण कासावीस होतो.

कासावीस होण्याचे कारणही उघड आहे. आपण घरापासून दूर आलेली माणसे. १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येथून जवळच, श्रीरंगपट्टणास होत्या, तेव्हा तेथील वर्तमान पुण्यास पोहोचावयाचे ते जासुदाच्या पायांनी व घोड्याच्या टापांनी. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे आणि दारात तारवाला दिसला की घरातील बायकांच्या काळजाचा ठोका चुकत असे. पुढे १९८६ साली याच कर्नाटकात, कित्तूर येथे, सी-डॉट या सरकारी संस्थेने बनविलेले १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण स्वयंचलित केंद्र सुरू झाले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. २०१३ च्या जुलैत तार सेवा कायमची बंद झाली. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या ज्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली, तीच आज भारतनेट या नावाने ओळखली जाते. म्हणजे अवघ्या एका पिढीत आपण तारवाल्याकडून काचतंतूपर्यंत आलो. मात्र दोष निर्माण झाला असता काय करावे, याचे शिक्षण आपणांस कोणी दिले नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना जुना लाइनमन आठवत असेल. खांद्यावर शिडी, कमरेला पट्टा, आणि दोन चिमटे लावलेला एक ओबडधोबड टेलिफोन. आपण म्हणत असू, ‘फोन बंद आहे.’ तो वाद घालीत नसे. आधी खांबावर चढून चिमटे लावी व आवाज ऐकी. तेथे आवाज असला तर दोष खांबापासून घराकडे, नसला तर खांबापासून केंद्राकडे. मग तो उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करी. दोषशोधनाचे सारे शास्त्र या एका कृतीत सामावले आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. वाटेचे दोन भाग करावे, कोणता भाग निर्दोष आहे हे सिद्ध करावे, आणि मग उरलेल्या भागातच शोध घ्यावा. आपल्या खिशातील फोन हे त्या लाइनमनचेच साधन आहे. त्याला चिमटे नाहीत, इतकेच.

आता आपल्या घरातील वाट कशी आहे ते पाहू. फोनपासून राउटरच्या डब्यापर्यंतची वाट हवेतून जाते. तो पहिला टप्पा. डबा स्वतः हा दुसरा. डब्यापासून सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंतचा काचतंतू हा तिसरा. तेथून बाहेरच्या जगापर्यंतचा चौथा आणि पलीकडच्या माणसाच्या घरातील वाट हा पाचवा. ‘इंटरनेट बंद आहे’ असे म्हणणे म्हणजे ‘पत्र आले नाही’ असे म्हणण्यासारखे आहे. पोस्टमन आला नाही, टपाल वाटेत अडकले, की मुळात लिहिणाऱ्याने पत्र टाकलेच नाही, हे त्यावरून कळत नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. फोनमधील वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच काम करून पाहावे. काम झाले तर बाहेरचे जग ठीक आहे आणि दोष घरच्या वाटेत आहे. दोन्हींवर अडले, पण इतर ठिकाणे उघडत असली, तर दोष पलीकडच्या टोकास असण्याचा संभव अधिक. त्यानंतर घरातील दुसरा फोन तपासावा. एकच फोन अडत असेल तर डब्यास दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. डब्यावरील दिव्यांचे छायाचित्र फोनने घेऊन ठेवावे. तेही सारे सुरळीत चालू असताना, म्हणजे बिघाडाच्या वेळी तुलना करता येते. बहुतेक डब्यांवर ‘एल ओ एस’ अशी अक्षरे असलेला दिवा असतो. तो तांबडा झाला तर काचतंतूतून प्रकाश येत नाही असे समजावे. तंतू कोठे तुटला असेल, उंदराने कुरतडला असेल, किंवा झाडलोट करताना तो अधिक वाकला असेल. अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करून काही साधत नाही. तंतूचे टोक काढून त्यात डोकावून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपाय करू शकतो. तसेच कोणतीही वायर काढण्यापूर्वी ती कोठे होती याचे छायाचित्र घ्यावे. ज्यांनी घर हलविताना हे केले नाही, त्यांना त्याचे मोल विचारावे!

तिसरी परीक्षा लहरींच्या बळाची. अँड्रॉइड फोनवर वाय-फायचे बळ दाखविणारी अनेक ॲप मोफत मिळतात. आयफोनवर कंपनीच्याच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ या ॲपमध्ये तशी सोय आहे, ती सेटिंग्जमधून चालू करावी लागते. हे बळ डीबीएम नावाच्या मापाने व उणे आकड्यांत सांगतात. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्रासह संभाषण बहुधा नीट चालते. उणे ८० म्हणजे केवळ नावापुरता संबंध. यातील मख्खी अशी की, दर १० अंकांस बळ एक-दशांश होते. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांतील अंतर तिसांचे नव्हे, हजारपटींचे आहे. फोन हाती घेऊन घरभर सावकाश फिरावे व प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर मांडावा. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, माळ्यावर किंवा पाण्याच्या टाकीच्या आड ठेवलेला असेल, तर कागदच त्याची साक्ष देईल. तो डबा घराच्या मध्याशी, उंच व उघड्या जागी ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय पुष्कळदा नव्या डब्यापेक्षा अधिक गुणकारी ठरतो.

त्याच ॲपमध्ये शेजाऱ्यांची जाळीही दिसतात. सदनिकांच्या इमारतीत त्यांची संख्या सहज वीसवर जाते. २.४ गिगाहर्ट्‌झ या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. सारी इमारत ६ वर बोलू लागली तर बाजार भरल्यासारखे होते, कोणाचेच कोणास ऐकू येत नाही. अशा वेळी वाहिनी बदलावी किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा. हा दुसरा पट्टा वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी २.४ च्याच पट्ट्यात चालते. संध्याकाळी दूध तापविताना संभाषण तुटत असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

चौथी परीक्षा पत्त्याची. जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकी पत्ता देतो. घरोघरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ता मिळाला नाही तर काही फोन १६९.२५४ ने सुरू होणारा स्वतःचाच आकडा घेऊन बसतात, तर काही ‘पत्ता मिळवीत आहे’ एवढेच म्हणत राहतात. लहरी जोरदार असूनही काम होत नसेल, तर हे अवश्य पाहावे. येथे मात्र डबा बंद करून पुन्हा चालू केल्याने गुण येतो.

पाचवी परीक्षा हाकेची. ‘पिंग’ नावाचा एक छोटा कार्यक्रम माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव पडले. फोनवरील पिंगच्या ॲपने प्रथम राउटरला हाक द्यावी. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्यास द्यावी, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळास त्याच्या नावाने. राउटर ‘ओ’ देत नसेल, तर दोष पहिल्या दोन टप्प्यांत. राउटर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष पुढे. अंकी पत्ता ओ देतो आणि नाव देत नाही, तर रस्ता ठीक असून नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही टेलिफोनची वहीच हरवली आहे. शंभर हाकांपैकी पाच-सात वाया जात असतील, तर आवाज तुटण्याचे कारण सापडले असे समजावे. कोणी कोणी हाकेला मुद्दामच उत्तर देत नाहीत, हेही ध्यानात असावे. म्हणून एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यूयॉर्कमधील मुलाशी बोलताना उत्तर किंचित उशिरा येते आणि आपण कंपनीला बोल लावतो. म्हैसूर ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केवळ जाण्यायेण्यासच निदान १३५ मिलिसेकंद हवेत. समुद्रातील तारा वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतात. हा विलंब निसर्गाचा आहे, त्याची तक्रार कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही.

सहावी परीक्षा वेगाची. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, या संस्थेने २०१६ साली मोबाइलचा वेग मोजण्यासाठी ‘मायस्पीड’ हे ॲप काढले. इतर ॲपही आहेत. मोजणी राउटरजवळ उभे राहून, घरातील इतर वापर थांबवून, दिवसातून तीन वेळा करावी. कंपनी वेग ‘बिट’मध्ये सांगते आणि उतरविलेली फाइल ‘बाइट’मध्ये मोजली जाते. आठ बिटांचा एक बाइट होतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांना आपण आठपटींनी फसविले गेलो असे वाटते. चित्रासह संभाषणाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. म्हणून संभाषण तुटते या कारणास्तव वरच्या दराची योजना घेण्यापूर्वी लहरींचे बळ व वाया जाणाऱ्या हाका अवश्य पाहाव्यात. अरुंद नळास गळती असताना मोठी टाकी बसविण्यासारखे ते होऊ नये.

फोनच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. काचतंतूतील प्रकाशाचे बळ फोन मोजू शकत नाही, त्यासाठी निराळे मापक लागते. फोनचा स्वतःचाच अँटेना कमकुवत असू शकतो. वायरीतून येणारे जाळे तपासावयाचे तर एक लहानसे जोडयंत्र विकत घ्यावे लागते. थोडक्यात, फोन हा डॉक्टर नव्हे, थर्मामीटर आहे. पण ताप आहे की नाही हे कळल्यावाचून डॉक्टरला बोलावण्यात तरी काय हशील?

आपण म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? मुलगा सुटीत आला की तो पाहील. या प्रश्नाचे उत्तर आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या अनुभवाने द्यावेसे वाटते. गृहस्थ येथे नोकरीस आणि वृद्ध आई कोकणात एकटी. रोज रात्री आठ वाजता बोलण्याचा नेम. एका पावसाळ्यात आईचा फोन लागेना. गृहस्थांनी प्रथम आपली बाजू तपासली, ती ठीक होती. मग गावातील दुसरे दोन क्रमांक लावले, तेही लागेनात. तालुक्याच्या ठिकाणच्या नातलगाचा मात्र लागला आणि वादळाने त्या भागातील वीज गेल्याचे समजले. दोष वाटेत होता. रात्र काळजीत गेली खरी, पण पहाटे वीज येताच आईचा आवाज ऐकू आला.

त्याच साली, दिवाळीनंतर, पुन्हा तसेच झाले. या वेळी गावातील शेजाऱ्यांचा फोन पहिल्याच घंटेला लागला. आईच्या फोनवरही घंटा वाजत होती, उचलणारे मात्र कोणी नव्हते. म्हणजे वाट धडधाकट होती. गृहस्थांनी क्षणही न दवडता शेजाऱ्यांना दार ठोठावण्यास सांगितले. म्हातारी न्हाणीघरात पडून होती, मांडीचे हाड मोडले होते, शुद्ध होती पण आवाज फुटत नव्हता. रात्रीच तिला रुग्णालयात नेले आणि आज ती काठी टेकीत का होईना, अंगणातील तुळशीला पाणी घालते. पावसाळ्यातला अनुभव गाठीशी असता ‘लाइनच गेली असेल, सकाळी पाहू’ असे म्हणणे किती सोपे होते, याचा आपण विचार करावा.

बंधूभगिनींनो, आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. दूर राहणाऱ्या माणसाला, फोन लागत नाही म्हणजे तार तुटली की पलीकडचे माणूसच अडचणीत आहे, हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. त्याचे उत्तर पाच मिनिटांत काढता येणे ही तंत्रज्ञांची हौस नव्हे, कुटुंबवत्सल माणसाचे ते कर्तव्य आहे. म्हणून प्रत्येकाने आपल्या गावाकडील घराजवळच्या दोन शेजाऱ्यांचे, एका दुकानाचे आणि तालुक्यातील एका नातलगाचे क्रमांक कागदावर लिहून भिंतीस लावावेत. फोनमधील नोंद पुरेशी नाही, कारण फोनच बंद पडला तर ती कोठून वाचणार?

तक्रारीविषयी दोन शब्द, कारण तो आमच्या कामाचाच भाग आहे. ‘तुमची सेवा अत्यंत वाईट आहे’ असे लिहिलेल्या अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘दिनांक अमुक ते अमुक, रोज सायंकाळी ८ ते ९ या वेळेत, राउटरपाशी लहरींचे बळ उणे ४५ असताना व राउटरला दिलेल्या सर्व हाकांना उत्तर मिळत असताना, बाहेरील पत्त्यास दिलेल्या १०० हाकांपैकी १२ वाया गेल्या. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’ अशा अर्जाला ‘डबा बंद करून चालू करा’ हे उत्तर देता येत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी केलेली आहे, तिचा उपयोग करावा.

एक धोक्याची सूचनाही देतो. ‘तुमचे कनेक्शन दोन तासांत बंद होणार’ असे सांगणारा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारे कोणतेही ॲप घालू नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये. असे संशयास्पद फोन सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर कळविता येतात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे विलंब म्हणजे नुकसान. तसेच ही सारी तपासणी स्वतःच्या जाळ्यापुरतीच करावी. शेजाऱ्याच्या वाड्यात डोकावणे जसे असभ्य, तसेच त्याच्या जाळ्यात शिरणे असभ्य आणि बेकायदेशीरही आहे.

शेवटी मंडळास एक सूचना करून रजा घेतो. पन्नास वर्षांपूर्वी या मंडळाच्या संस्थापकांनी, परक्या मुलुखात कोणाच्या घरी अडचण आली तर धावून जावयाचे, या एकाच हेतूने एकत्र येण्यास आरंभ केला. कोणास भाड्याचे घर पाहून दिले, कोणाच्या मुलास शाळेत घातले. आजची अडचण निराळ्या रूपाने येते. आपल्यात असे अनेक वडीलधारे आहेत की, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि पडद्यावरील अर्ध्या तासासाठी ते दिवसभर वाट पाहतात. तो अर्धा तास बुडाला की, कोणास त्रास नको म्हणून ते गप्प बसतात. मंडळातील प्रत्येक तरुण कुटुंबाने अशा एका घराची जबाबदारी घ्यावी. एका रविवारी जाऊन खोल्याखोल्यांचे आकडे एका वहीत मांडून द्यावेत, दिव्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि वर सांगितलेल्या सहा परीक्षा आजी-आजोबांकडून स्वतःच्या हातांनी करवून घ्याव्यात. करून देणे सोपे असते, शिकविणे कठीण. पण जे शिकविले तेच मागे उरते.